न बोलता चालणारं ऑफिस

१

बुधवारी सकाळी साहेबांनी आपल्या सेक्रेटरीबाईंना सगळ्या ऑफिससमोर चोर ठरवलं, आणि ठरवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण या बाईंशी एका दमात एवढं कधी बोललोच नव्हतो.

साहेब वास्तुविशारद. नाव मोठं, स्वभाव घुमा. "आमचं ऑफिस न बोलता चालतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, म्हणजे तेवढं सांगण्यापुरतं बोलत. बाकी सगळा कारभार खुणांचा. बोट दाखवलं की या, हात हलवला की जा, भुवई उडाली की पुन्हा टाइप करा. बाईंच्या टेबलावर कागद ठेवण्याचीही एक ठरलेली रीत होती. साहेबांनी उजव्या हाताने ठेवला तो कागद मार्गी लावायचा, डाव्या हाताने ठेवला तो रद्दीत जायचा. अशी बिनशब्दांची सेक्रेटरी मिळायला भाग्य लागतं, हे ते घरी बायकोला सांगत. बाईंना मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

तर गेलं होतं ते पाकीट. मुलांच्या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीसाठी स्पर्धा होती, आणि साहेबांनी तिच्यासाठी महिनोन्‌महिने खपून हाताने आराखडा काढला होता. त्याची नक्कल नव्हती. पूर्वी एकदा त्यांचा एक जिना कुणीतरी चोरला होता. जिना चोरीला जातो हे ऐकून लोकांना हसू यायचं, पण साहेबांनी तेव्हापासून कानाला खडा लावला होता. पाकिटावर अक्षर लिहायचं नाही, आत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. मंगळवारी दुपारी ते कोरं पाकीट त्यांनी बाईंकडे दिलं आणि बुधवारी सकाळी ते कुठेच नव्हतं.

"पाकीट कुठाय?"

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलाच्या या कडेला पाहिलं, त्या कडेला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, टेबल..."

"टेबलाचं काय घेऊन बसलात? पाकीट विचारतोय मी!"

"तेच सांगते, साहेब. हे टेबल..."

"एक शब्द नको! अशी पाकिटं रात्री कपाटात जातात, आणि कपाटाच्या किल्ल्या आपल्या दोघांकडेच. काल दुपारी तुम्ही जागेवर नव्हतात, हे मला आत्ता इतरांकडून कळतंय. कुणाला दिलंत? काय मिळालं त्याचं?"

सगळं ऑफिस माना खाली घालून ऐकत होतं. रस्त्यावर कुठलीशी गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं आणि त्या घाईघाईने मागच्या बोळाकडे निघाल्या. साहेब आडवे आले.

"आत नाही! जिना इकडे आहे."

बाई मागे वळल्या. खुर्चीवरचा स्वेटर उचलून त्या जिना उतरून गेल्या. साहेब केबिनमध्ये येऊन बसले. आपण बरोबर वागलो, असं त्यांनी स्वतःला बजावलं. एकदा बजावून भागलं नाही, म्हणून पुन्हा बजावलं.

२

संध्याकाळी वास्तुविशारदांच्या संघटनेची बैठक होती. तिथे साहेबांनी तीन मोठ्या ऑफिसांच्या प्रमुखांना बाजूला घेऊन सांगितलं, की अमुक बाई नोकरी मागायला आल्या तर दारातही उभं करू नका. तिघांनीही मान हलवली. या धंद्यात मोठी ऑफिसं आहेतच मुळी तीन-चार, त्यामुळे बाईंना आता कुठे दार उघडं राहिलं नव्हतं. घरी त्यांची म्हातारी आई होती आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. हे साहेबांना माहीत होतं, पण त्या रात्री ते आठवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पोलिसांत तक्रार द्यायचंही ठरलं होतं.

साहेबांच्या बायकोला यातलं काही पटलं नाही. तिने नवऱ्याशी वाद घातला नाही, सरळ नणंदेला फोन लावला. "वन्सं, याल का? तुमचा भाऊ जेवत नाहीये, आणि ते राग आल्यासारखं दिसत नाही. काहीतरी खातंय त्यांना."

ताई गुरुवारी सकाळी येऊन थडकल्या. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात त्यांची हयात गेली होती. जळालेल्या गोदामात आग लागण्याआधी माल होता की नव्हता, हे त्या राखेवरून ओळखत, असं त्यांचे सहकारी म्हणत. ताई स्वतः म्हणत, राखेवरून नाही रे, मालकाच्या तोंडावरून.

ऑफिसात आल्याबरोबर त्यांनी भावाला विचारलं, "काय मौनीबाबा, पोलिसांकडे जायची घाई आहे का? मला आजचा दिवस दे."

"सगळं स्वच्छ आहे, ताई. पाकीट मी तिच्या हातात दिलं."

"हातात?"

"हातात म्हणजे... टेबलावर. नेहमीसारखं."

"ती तेव्हा खुर्चीवर होती?"

"होती ना, गेली असेल ती नंतर. तिचा स्वेटर होता."

"स्वेटर मलाही दिसतात रे. बाई होती का?"

साहेबांनी आठवून पाहिलं. हातात पाकीट होतं, डोक्यात हॉस्पिटलच्या खिडक्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर होता एवढं नक्की, पण स्वेटरच्या वर चेहरा होता की नाही ते काही केल्या आठवेना. इतक्या वर्षांत त्या खुर्चीकडे पाहावं लागलंच नव्हतं.

"मी पाहिलं नाही," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांच्याच कानांना फार वाईट लागलं.

 ताई बाईंच्या टेबलापाशी जाऊन ओणव्या झाल्या होत्या. गालिच्यावर टेबलाच्या बाजूला चार दबलेले ठसे होते. टेबलाचे पाय आता तिथे नव्हते. टेबलाच्या दोन्ही कडांवर काहीतरी चिकटवून खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. ताईंनी त्यांवरून बोट फिरवलं.

"हे टेबल कुणी हलवलं?"

"मी फिरवून घेतलं मागच्या आठवड्यात. केबिनकडे पाठ करून बसायची, बोलवायला घंटी वाजवावी लागायची. आता तोंड इकडे असतं, काचेतून बोट दाखवलं की झालं. पण त्याचा इथे काय संबंध?"

"असेल, नसेल. तिने जाताना काय सांगितलं?"

"काही नाही. टेबल टेबल करत होती. सामान आवरायचं असेल."

ताई सरळ उभ्या राहिल्या. "नोकरी जाताना माणूस टेबलाबद्दल का बोलेल रे? एकेकाला आत पाठव. आणि तू तिथेच बस. ऐकायची सवय कर."

३

पहिले आले भागीदार. नेहमी टापटीप असणारा माणूस, पण त्या दिवशी शर्टाचं बटण चुकलेलं.

"मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?" ताईंनी विचारलं.

"माझ्या खोलीत. दार लावून."

"दार का लावलं होतं?"

भागीदारांनी साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मीही त्याच स्पर्धेसाठी आराखडा करत होतो. संगणकावर."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. ताईंनी नुसता तळहात दाखवला तसे ते बसले. खुणेने गप्प बसवलं जाणं कसं असतं, हे त्यांना तेव्हा समजलं.

"चोरून?"

"चोरून नाही हो. एकदा सांगायला आलो होतो. यांनी हात हलवला. तो 'जा' होता की 'कर' होता ते मला कळलं नाही. मी 'कर' धरला." भागीदारांचा आवाज ओशाळा झाला. "पण त्यांचं पाकीट मी घेतलं नाही. त्यात काय होतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कोरं पाकीट म्हणजे काय, काहीही असू शकतं."

"हं. बाईंना काही सांगितलं होतं तुम्ही? या आराखड्याबद्दल?"

"त्यांना माहीत होतं. त्याच म्हणाल्या, साहेबांना स्पष्ट सांगा, नाहीतर एक दिवस पस्तावाल. मी टाळलं. बुधवारी त्यांना हाकलताना मी मधे पडायला हवं होतं, तेही टाळलं. वाटलं, चौकशी सुरू झाली तर माझं भांडं फुटेल."

ते गेल्यावर ड्राफ्ट्समन आला. आराखडे साफ करून देणारा, चाळिशीचा, ऑफिसात सगळ्यांचा लाडका. हा मंगळवारी दुपारी जागेवर नव्हता, एवढं साहेबांना शिपायाकडून कळलं होतं. ताईंनी तेच विचारलं तेव्हा त्याला घाम फुटला.

"मुलाखतीला गेलो होतो. दुसऱ्या ऑफिसात."

"त्याच स्पर्धेतलं ऑफिस?" साहेबांना राहवलं नाही.

"हो, साहेब. पण रिकाम्या हाताने गेलो, रिकाम्या हाताने आलो. नोकरीसुद्धा मिळाली नाही." तो कसनुसा हसला. "बाईंना सांगून गेलो होतो. त्यांनाही दुपारी सुट्टी हवी होती, त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी म्हटलं होतं, मी लवकर परत येतो आणि तुमच्या टेबलाकडे बघतो. मला उशीर झाला."

"टेबलाकडे काय बघायचं होतं?"

"काय की. घाईत होत्या, मी आल्यावर सांगते म्हणाल्या." त्याने काचेतून टेबलाकडे बोट केलं. "एक मात्र आहे. माझ्या जागेवरून त्यांचं टेबल दिसतं. गेला आठवडाभर एक गंमत बघत होतो. दुपारच्या चहाच्या आधी त्या रोज टेबलावरचे दोन्ही गठ्ठे उचलायच्या आणि इकडचा तिकडे, तिकडचा इकडे ठेवायच्या. न चुकता. मी चेष्टा केली, म्हटलं, बाई, पत्ते पिसताय का? तर हसल्या नुसत्या."

ताईंच्या हातातलं पेन थांबलं.

"रोज? चहाच्या आधी?"

"रोज. चहाबरोबर शिपाईकाका रद्दी न्यायला येतात ना, त्याच्या आधी."

ताईंनी भावाकडे पाहिलं. साहेबांना अजून काही उमगलं नव्हतं. 

"काकांना बोलवा," ताई म्हणाल्या.

४

शिपाईकाका आत आले ते दाराला धरून उभे राहिले. बस म्हटलं तरी बसेनात.

"काका, रद्दी कशी नेता ते सांगा मला. मला काही माहीत नाही असं समजा."

"सोपं आहे, ताई. बाईंच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला जे असेल ते उचलायचं. बोळात लोखंडी पेटी आहे, तिच्या फटीतून आत टाकायचं. पेटीला कुलूप असतं. दर बुधवारी कागद कारखान्याची गाडी येते, पेटी रिकामी करून नेते. तिकडे पोचल्याबरोबर सगळ्याचा लगदा करतात. आमचे कागद कुणाच्या हाती लागायला नकोत म्हणून साहेबांनीच ती सोय केली आहे."

"उचलताना पाहता का, काय आहे ते?"

काकांनी साहेबांकडे बघणं टाळलं. "आधी पाहायचो. एकदा एक चांगला कागद दिसला, म्हणून साहेबांना विचारायला गेलो, की हा खरंच टाकायचा का? साहेब म्हणाले..." ते अडखळले.

"काय म्हणाले?"

"कागद वाचायचा पगार मिळतो का तुला, म्हणाले. तेव्हापासून बघत नाही. विचारतही नाही."

साहेबांना तो प्रसंग आठवला. चांगलाच आठवला. त्या वेळी समोर बसलेले पाहुणे हसले होते आणि साहेबांना आपण काहीतरी खुसखुशीत बोललो असं वाटलं होतं. आता त्यांना काकांच्या पांढऱ्या मिशांकडे बघवेना.

"मंगळवारी काय उचललंत?" ताईंनी विचारलं.

"डाव्या बाजूला एक पाकीट होतं. तपकिरी. वर काही लिहिलेलं नव्हतं."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. काकांच्या ते ध्यानात आलं. "ते... तेच होतं का, ताई? अहो, मला वाटलं रिकामं पाकीट आहे! काल सकाळी साहेब ओरडत होते तेव्हा गाडी खालीच उभी होती. हॉर्न वाजवत होता तो माणूस. मी साहेबांना घाबरून मागच्या जिन्याने उतरलो, त्याला वर बोळात आणलं आणि पेटी उघडून दिली."

साहेब ताडकन उभे राहिले. "म्हणजे हिने डाव्या बाजूला ठेवलं! पाहिलंस, ताई? मी उजव्या हाताने ठेवलेलं पाकीट हिने उचलून रद्दीत ठेवलं. चोरी नाही तर नाही, निष्काळजीपणा तर आहे! की सूड म्हणायचा?"

"ती इथे नव्हती रे मंगळवारी दुपारी. आईला घेऊन हॉस्पिटलात होती."

"मग त्या पाकिटाला हात कुणी लावला?"

"कुणीच नाही," ताई म्हणाल्या. "ऊठ. बाईंच्या खुर्चीवर जाऊन बस."

५

त्या खुर्चीवर साहेब आयुष्यात पहिल्यांदा बसले. खुर्ची एका बाजूला कलत होती आणि पाठीला उशी बांधलेली होती. काचेपलीकडे त्यांची स्वतःची केबिन दिसत होती, रिकामी.

ताई केबिनच्या दारातून बाहेर आल्या, टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपली पर्स टेबलावर ठेवली.

"कुठल्या बाजूला ठेवली?"

"डाव्या," साहेब म्हणाले.

"मी उजव्या हाताने ठेवली."

साहेबांनी पर्सकडे पाहिलं. मग ताईंच्या हाताकडे. भागीदार, ड्राफ्ट्समन, काका, सगळे भिंतीशी उभे होते. 

"टेबल फिरवण्याआधी ती तुझ्याकडे पाठ करून बसायची," ताई सांगू लागल्या. त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "तू मागून यायचास. तुझं उजवं ते तिचं उजवं. मग तू टेबल फिरवलंस. ती तुझ्यासमोर आली. आता तुझं उजवं ते तिचं डावं. पण तू काही बदलला नाहीस. मार्गी लावायचे कागद तू आठवडाभर रद्दीच्या बाजूला ठेवत होतास आणि रद्दी कामाच्या बाजूला."

"पण आठवडाभर काही बिघडलं नाही!"

"कारण ती होती. काका यायच्या आधी ती रोज तुझी चूक उलटी करून ठेवत होती. हेच ते पत्ते पिसणं. मंगळवारी ती नव्हती. तेवढ्या एका दुपारी तुझं ऑफिस खरोखर न बोलता चाललं."

साहेब पर्सकडेच बघत होते. "तिने मला सांगायला नको?"

"टेबलाच्या कडांवर डिंकाच्या खुणा आहेत. काय चिकटवलं होतं तिने?"

उत्तर साहेबांकडेच होतं. टेबल फिरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी दोन कडांवर दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, एकीवर 'पाठवणे', दुसरीवर 'रद्दी'. साहेब म्हणाले होते, "ही काय बालवाडी आहे?" आणि नखाने खरवडून काढल्या होत्या. त्याच दिवशी बाई केबिनच्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "साहेब, टेबलाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं." साहेबांनी हात हलवला होता. मंगळवारी त्या सुट्टी मागायला आल्या तेव्हाही त्यांनी मान वर न करता असाच हात हलवला असणार. त्यांना ते आठवतही नव्हतं.

हे सगळं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. सांगताना मधे दोनदा थांबावं लागलं.

"चोरीचा विषय तर पहिल्या तासातच संपला होता," ताई म्हणाल्या. "पाकीट कोरं. आत काय आहे ते तू भागीदाराला सांगितलं नाहीस, बाईंनाही सांगितलं नाहीस. ज्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही, ते चोरेल कोण? काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी तुझी गत."

"ती बोळाकडे निघाली होती," साहेब हळूच म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "गाडीचा हॉर्न ऐकून. पाकीट कुठे असणार ते तिला टेबलाकडे पाहताक्षणी कळलं होतं. ती पेटी वाचवायला निघाली होती, ताई. मी आडवा आलो."

"हो."

"मी तिला बोलू दिलं असतं तर..."

"तर आराखडा आत्ता तुझ्या हातात असता," ताई म्हणाल्या. धाकट्या भावाची दया आली की त्या खोटं बोलत नसत, फक्त आवाज खाली आणत. "आराखडा गेला ते जाऊ दे. भागीदाराचा आहे, तो पाठवा. पण मला सांग, बाईंचं नाव तू कुठे कुठे घालवून आलास?"

साहेबांनी डोळे मिटले. त्यांना संघटनेच्या बैठकीतल्या त्या तीन माना हलताना दिसल्या.

६

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पत्ता साहेबांना माहीत नव्हता, काका दारापर्यंत सोडायला आले आणि पायऱ्यांवरच थांबले. दार बाईंनीच उघडलं. आत त्यांची आई एका डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसली होती.

"कोण आलंय गं?"

"ऑफिसातून, आई."

साहेबांनी मनाशी घोकून आणलेलं सगळं दारातच सांडलं. ते नुसते म्हणाले, "चूक माझी होती. टेबलाचं कळलं मला. तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही."

बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. स्वतः उभ्या राहिल्या, जशा ऑफिसात उभ्या राहत.

"पाकीट मिळालं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही. लगदा झाला."

"अरेरे!" त्या मनापासून हळहळल्या. "किती सुंदर होत्या हो त्या खिडक्या. मुलांना पलंगावरून झाड दिसेल अशा. केबिनमध्ये पेन्सिली टोकदार करून ठेवायला यायचे ना, तेव्हा दिसायच्या."

साहेबांना वाटलं होतं की बाई रागावतील, रडतील, काहीतरी लावून बोलतील. या हळहळीने त्यांचं उरलंसुरलं बळ गेलं. आपल्या आराखड्यातल्या खिडक्या कशासाठी आहेत हे ऑफिसात एका माणसाला कळलं होतं आणि आपण त्याच माणसाला जिना दाखवला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"परत या," ते म्हणाले. "पगार वाढवतो. टेबल तुम्हाला हवं तसं लावा."

"साहेब, तुम्ही चोर म्हणालात ते मी एक दिवस विसरेन. माणूस रागात बोलतो." बाई शांतपणे बोलत होत्या. "पण आज सकाळपासून मी तीन ठिकाणी गेले. तिन्हीकडे मला दारातून परत पाठवलं. एका ठिकाणी तर दाराशी बसणारी मुलगी माझ्याकडे बघून पर्स जवळ घेऊन बसली. ते तुम्ही रागात केलं नाहीत. काल संध्याकाळी बैठकीत शांतपणे, चहा पिता पिता केलंत."

आईने पट्टी नसलेला डोळा साहेबांकडे वळवला. साहेबांना मान वर करता येईना.

"मी सांगतो त्यांना. उद्याच भेटून..."

"आत्ता सांगा. इथून."

साहेबांनी मोबाइल काढला. त्यात बायकोचा नंबर होता, ताईंचा होता, ऑफिसचा होता. बाकी साऱ्या जगाशी बोलायचं तर ऑफिसात बोट वर केलं की बाई फोन जोडून देत. ते यादी खालीवर करत राहिले. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आपला फोन घेतला, पहिला नंबर लावला, आणि पलीकडे घंटी वाजायला लागल्यावर तो साहेबांच्या हातात दिला.

पहिल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यांनी विचारलं, "मग पाकीट घेतलं कुणी?" साहेब म्हणाले, "मीच रद्दीत टाकलं." पलीकडून हसण्याचा आवाज आला. उद्यापर्यंत ही गोष्ट सगळ्या धंद्यात होणार, हे साहेबांना कळून चुकलं. बाईंनी तिसरा नंबर लावला.

तिसरे गृहस्थ जुने स्पर्धक होते. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. साहेबांचं बोलून झाल्यावर म्हणाले, "एक विचारू? बाई कामाला कशा होत्या?"

साहेबांच्या मनात एक पळवाट येऊन गेली. दोन शब्द कमी बोललं तर बाई दुसरीकडे जाणार नाहीत. उद्या-परवा राग निवळला की परत येतीलही. असं आजवर त्यांनी पुष्कळ वेळा केलं होतं, गप्प राहून. समोर बाई उभ्या होत्या आणि काय विचारलं गेलंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

"माझ्या चुका त्या रोज दुरुस्त करून ठेवायच्या," साहेब म्हणाले, "आणि मला पत्ता लागू द्यायच्या नाहीत. त्यांच्याइतकं चांगलं माणूस मी कामावर ठेवलेलं नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही."

फोनच्या पलीकडचा आवाज काहीतरी बोलला. साहेबांनी फोन बाईंच्या पुढे केला.

"विचारतायत, तुम्ही केव्हापासून येऊ शकाल?"

बाईंनी फोन कानाला लावला. "सोमवारपासून येते," त्या म्हणाल्या, आणि हे सांगण्याआधी त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही.